घरातली कुंडी फेकली, शाळेच्या कुंपणाचं काय?

परवा शेजारच्या काकूंनी डिफेनबेकियाची, म्हणजे त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांची, कुंडी उचलून थेट घंटागाडीत टाकली. कारण काय, तर व्हॉट्सॲपवरचा मेसेज: हे पान चावलं की लेकरू मिनिटात जातं.

हे खरं नाही. पानात सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते, जीभ-ओठ सुजतात. श्वासाला त्रास झाला तर दवाखाना गाठावाच लागतो. पण मिनिटात मरण वगैरे काही नाही.

खरा धोका बांधावर आणि शाळेच्या कुंपणाला उभा आहे. चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड. जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून आपण ती लावतो. २००३ नंतर बायोडिझेलच्या नादात सरकारनंही जट्रोफा म्हणून तिचा गाजावाजा केला. डिझेलचं काही झालं नाही, झाडं राहिली.

बी खायला शेंगदाण्यासारखी लागते, घोळ तिथंच आहे. पोरं मूठभर खातात आणि काही वेळात उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू. 'चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा' ही बातमी मराठवाड्यात वर्षानुवर्षं छापून येते, फक्त गाव बदलतं. बहुतेक पोरं सलाईन लावून घरी येतात, म्हणून आपण विसरतो. मीही बातमी दिली आणि विसरलो. त्या कुंपणाचं पुढं काय झालं, हे विचारायला गेलो नाही. ही माझी चूक.

कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तर याहून घातक. त्यांचं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. केरळात २०२४ मध्ये एका तरुणीच्या मृत्यूनंतर कण्हेर पोटात गेल्याचा संशय आला, तेव्हा तिथल्या मोठ्या देवस्थान मंडळांनी नैवेद्य-प्रसादातून हे फूल बंद केलं. आपल्याकडं बिट्ट्या पोरांच्या खेळण्यात असतात. एरंड, धोतरा, गुंज यांच्या बियाही चावून पोटात गेल्या तर जीवावर बेततं.

सगळी झाडं तोडा असं मी म्हणत नाही. कण्हेर देवाला वाहा, फक्त प्रसादात टाकू नका. पण शाळा-अंगणवाडीच्या आवारातली चंद्रज्योत आणि बिट्टी मुळासकट काढा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. गुरुजींनी पोरांना ही झाडं एकदा दाखवावीत.

आणि कुणी खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन लावा, झाडाची फांदी किंवा बी सोबत न्या. डॉक्टरला तेवढ्यानंच निम्मं कळतं.

तुमच्या गावच्या शाळेच्या कुंपणाला काय आहे? उद्या बघून या आणि कमेंटमध्ये सांगा. या वेळी पाठपुरावा मी करतो.