सैंधवाचा हिमालय कसा झाला?

मराठी घराला सैंधव ही काही नवी वस्तू नव्हे. एकादशीच्या अथवा चतुर्थीच्या फराळात समुद्राचे मीठ ज्यांना चालत नाही, अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सैंधव वापरीत आली आहेत. वाण्याकडून खडे आणावयाचे, घरी कुटावयाचे आणि बरणीत भरून ठेवावयाचे, एवढाच त्याचा व्याप असे. अलीकडच्या काळात मात्र याच मिठाचा जणू पुनर्जन्म झाला आहे. सुबक पाकिटात, बर्फाच्छादित शिखरांच्या चित्राखाली, ‘हिमालयन पिंक सॉल्ट’ या नावाने ते दुकानोदुकानी मांडलेले दिसते आणि साध्या आयोडीनयुक्त मिठाच्या कित्येक पट दराने आरोग्यदक्ष ग्राहक ते खरेदी करतो. मीठ तेच आहे. बदलले आहे ते त्याचे जन्मस्थान, आणि तेही केवळ पाकिटावर.

या मिठाचे खरे गाव कोणते? जगाच्या बाजारात गुलाबी मीठ म्हणून जे विकले जाते, त्यातील बहुतांश पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील ‘सॉल्ट रेंज’ या डोंगररांगेतून येते. झेलम जिल्ह्यातील खेवडा ही तेथील सर्वांत मोठी खाण होय. ब्रिटिश अमदानीत, १८७२ च्या सुमारास, वॉर्थ नावाच्या अभियंत्याने तिचा मुख्य बोगदा काढविला. वारछा आणि थेट सिंधूच्या काठचे काळाबाग या खाणीही त्याच रांगेतील. या रांगेतील सकेसर हे सर्वोच्च शिखर सुमारे १५०० मीटर उंचीचे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडेसेच उंच आहे. पाकिटावरील हिमशिखरे तेथून फार दूर राहिली.

विक्रेत्यांची बाजू अगदीच निराधार आहे असे नाही. भूशास्त्रदृष्ट्या ही रांग हिमालयाच्या पर्वतनिर्मितीशी निगडित आहे. भूकवचाच्या ज्या रेट्याने हिमालय उभा राहिला, त्याच रेट्याने हे मीठही वर उचलले गेले. परंतु मीठ जन्मले ते पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी आटलेल्या एका समुद्रातून, तर हिमालयाचे वय पाच कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. पर्वत जन्मास येण्यापूर्वी हे मीठ कित्येक कोटी वर्षे अस्तित्वात होते. तेव्हा हिमालयाची शुचिता त्यात उतरली आहे असे सुचविणे, हे भूशास्त्र नव्हे, विक्रीकला होय.

येथे आपल्या पूर्वजांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. सैंधव म्हणजे सिंधूच्या प्रदेशातले. मीठ तेथले म्हणून सैंधव आणि घोडाही तेथला म्हणून सैंधवच. जेवताना कोणी ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणावे आणि प्रवासास निघताना म्हटले तर घोडा, हे शास्त्रकारांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. आयुर्वेदाने सर्व लवणांत सैंधवाला श्रेष्ठ मानले, पण त्यासाठी त्याचे गाव बदलले नाही. जुन्या नावातच उगमाचा दाखला होता. नव्या नावाने तो दाखला पुसला, आणि पुसल्याबद्दल ग्राहकाकडून जादा दाम वसूल केले.

विश्वासावर विकली जाणारी वस्तू

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नाही. कापड हाताने चाचपून घेता येते. भाताची प्रत शिजविल्यावर कळते. परंतु काही वस्तूंचा गुण खरेदीपूर्वी तर नाहीच, वापरानंतरही ग्राहकास पडताळता येत नाही. आरोग्यदायी म्हणून विकले जाणारे पदार्थ बहुतांशी या तिसऱ्या वर्गातले. अशा ठिकाणी उगमस्थानाचे नाव हीच गुणवत्तेची हमी ठरते आणि ग्राहक पैसे मोजतो ते त्या नावाचे. १९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी एका विख्यात निबंधात दाखवून दिले की, विक्रेत्यास जे ठाऊक आहे ते ग्राहकास ठाऊक नसेल, तर खोटा माल खऱ्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. पुढे २००१ चा नोबेल पुरस्कार त्यांना विभागून मिळाला तो याच विचारासाठी.

हा सिद्धांत समजण्यास महाराष्ट्राला परदेशी पंडिताची गरज नाही. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला गेला की नुकसान दुहेरी होते. ग्राहक फसतो, आणि कोकणातल्या बागायतदाराला आपल्या खऱ्या मालाचा भाव मिळत नाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळूनही हा प्रकार थांबला नाही. अखेर २०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेला फळाफळावर सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा मार्ग धरावा लागला. खोट्याचा खर्च असा खऱ्याच्या माथी बसतो.

सैंधवाच्या बाबतीतही असा एक उपेक्षित खरा आहे. हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, द्रंग व गुम्मा येथे, खनिज मिठाचे साठे आहेत. हे मीठ हिमालयाच्या कुशीतलेच. पण त्याचे उत्पादन अल्प आणि रंग जाहिरातीस साजेसा गुलाबी नाही. ज्याला ‘हिमालयी’ म्हणवून घेण्याचा निर्विवाद हक्क आहे, त्याचे नाव मात्र शहरातील ग्राहकाच्या कानी क्वचितच पडते.

आयोडीनचे काय?

उगमाच्या दाव्यामागोमाग आरोग्याचा दावा येतो. या मिठात चौऱ्याऐंशी खनिजे असल्याचे सांगितले जाते. वास्तविक त्यातील सुमारे ९६ ते ९९ टक्के भाग सोडियम क्लोराईड, म्हणजे आपले नेहमीचे मीठच असते. गुलाबी रंग लोहाच्या संयुगाचा. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या गुलाबी मिठाच्या ३१ नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील खनिजांचा पोषणास लक्षणीय उपयोग व्हावयाचा तर दिवसाला ३० ग्रॅमहून अधिक मीठ खावे लागेल, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी अशी आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. आयोडीन मुद्दाम मिसळल्यावाचून या मिठात ते पुरेसे असत नाही. गलगंड आणि बालकांच्या बौद्धिक वाढीतील खुंटलेपण यांच्याविरुद्ध या देशाने आयोडीनयुक्त मिठाची मोहीम अनेक दशके चालविली. उपवासापुरते सैंधव वापरणाऱ्या घराचे त्यात काही बिघडत नव्हते. परंतु हिमालयाच्या नावावर भुलून गर्भवती स्त्री असलेल्या घराने आयोडीनयुक्त मीठ कायमचे बाजूला सारले, तर जाहिरातीतील एका शब्दाची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागेल.

कायद्यातील फट

पुलवामा येथील हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसविले. पहलगामच्या हत्याकांडानंतर २ मे २०२५ रोजी तेथील मालाच्या आयातीवर सरसकट बंदी घातली गेली. बंदी आली की उगम लपविण्याचा मोह वाढतो. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात दुबईमार्गे आलेला पाकिस्तानी माल पकडला. ३९ कंटेनरांत १,११५ टन माल होता, आणि त्यात अमिरातीची म्हणून दाखविलेली खारीक होती. बाळंतिणीच्या लाडवात पडणाऱ्या खारकेची ही कथा, तर मिठाची शाश्वती कोणी द्यावी? उद्या अन्य कोणत्याही देशातून खनिज मीठ आले, तरी पाकिटावरील हिमालय जागचा हलणार नाही. नावाचा उगमाशी संबंध तुटला आहे तो असा.

आयात अन्नपदार्थांवर मूळ देश नमूद करण्याचे बंधन आपल्या कायद्यात आहे. तथापि दुसऱ्या देशातील प्रक्रियेने पदार्थाचे स्वरूप बदलले, तर प्रक्रियेचा देश हाच मूळ देश मानला जातो. दगडी मीठ दळून चाळले म्हणजे त्याचे स्वरूप बदलले काय? व्यवहारी बुद्धी ‘नाही’ म्हणेल. व्यापारी सोय ‘होय’ म्हणू शकेल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने याचे निःसंदिग्ध उत्तर दिले पाहिजे. त्याचबरोबर, भौगोलिक नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर त्या नावाशेजारीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, खाणीचे अथवा उत्पादनाचे ठिकाण, जिल्हा आणि देश छापण्याची सक्ती हवी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. तिचा उपयोग अशा नावांबाबतही झाला पाहिजे.

यात पाकिस्तानी मीठ वाईट असल्याचा कोणताही निष्कर्ष नाही. खेवड्याचे मीठ मीठ म्हणून चांगलेच आहे. ते घ्यावे की न घ्यावे हे ग्राहकाने ठरवावे. मात्र ते ठरविण्याआधी ते कोठले, हे त्याला खरे कळले पाहिजे. ‘सैंधव’ या एका शब्दात आपला वाणी जेवढे सांगत होता, तेवढे तरी या पाकिटांनी सांगावे.