नवोदयचा अर्ज भरण्याआधी घरीच उगवण तपासा

मृग जवळ आला की आम्ही कृषी खात्याची माणसं गावोगाव एकच पाढा म्हणत फिरतो. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, आठवड्याने मोजा. 70 उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा, थोडे कमी असतील तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते पोतं पेरणीला काढूच नका.

अशाच एका गावात गोणपाट उलगडून दाणे मोजत असताना एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, बियाण्याचं समजलं. पोराला नवोदयला बसवावं म्हणतो. लागंल का नंबर?"

हा प्रश्न हल्ली मला फवारणीइतकाच विचारला जातो. मी काही मास्तर नाही, शेतीची पदविका घेऊन नोकरीला लागलेला माणूस. पण गावात सरकारी कागद वाचून द्यायला कुणीतरी लागतं आणि मोटारसायकलवरून येणारा आमच्यासारखा त्या कामाला बरा सापडतो. पाच-सहा वर्षं हे अर्ज वाचून माझं एक मत झालं आहे. पोराचा नंबर लागेल की नाही हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, पण अंदाज मात्र घरबसल्या काढता येतो. तो न काढताच आपण क्लासच्या मागे धावतो आणि त्या धावण्यात हातातली गोष्टही घालवून बसतो.

नवोदय विद्यालयं 1985-86 साली दोन शाळांनी सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. बापाच्या खिशाकडे न बघता खेड्यातल्या हुशार मुलाला चांगली निवासी शाळा मिळावी, हा त्यामागचा हेतू. सहावी ते बारावी राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं फुकट. म्हणून तर गर्दी आहे. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा असतात आणि अर्ज येतात हजारांनी. समजा 6,000 मुलं बसली, तर 75 जणांमागे एक. एवढं ऐकलं की बाप गार पडतो.

पण हिशेब इथे संपत नाही. 80 पैकी किमान 75 टक्के, म्हणजे 60 जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या आहेत. एकूण जागांतल्या एक-तृतीयांश मुलींच्या. शिवाय अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांचं आरक्षण आहे. (इतर मागासवर्गासाठी केंद्राची यादी चालते. आपली जात त्या यादीत आहे का, ते आधी बघून ठेवा.) म्हणजे तुमचं पोरगं सगळ्या जिल्ह्याशी कुस्ती खेळत नाही, आपल्या वजनगटात खेळतं.

आता ग्रामीण कोणाला म्हणायचं? घर खेड्यात आहे, सातबारा आहे, रेशनकार्ड गावचं आहे, याला इथे किंमत नाही. मुलगा तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण शिकलेला पाहिजे. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत नाव असलं तरी तो शहरी धरला जातो. एक दिवस! आणि शहरी म्हणजे पुणे-नाशिकच असं नव्हे. 2014 नंतर तालुक्याच्या कितीतरी गावांत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. आपल्या डोळ्यांना ते अजून गावच दिसतं, बाजार तोच, चिखल तोच, पण कागदावर ते शहर आहे.

मला बाजूला घेणाऱ्या त्या शेतकऱ्याचं नेमकं हेच झालं. पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत पहिला. तालुक्याच्या एका क्लासवाल्याने सांगितलं, "पाचवीला इकडंच नाव घाला, शाळा आणि क्लास शेजारी-शेजारी, नंबर आपलाच." दुभती म्हैस विकून फी भरली, खोली केली, आजीला पोराजवळ ठेवलं. पुढे ऑनलाईन भरायला आणलेला अर्ज मी वाचला तेव्हा शाळेचा पत्ता नगरपंचायतीच्या हद्दीतला निघाला. 60 जागांचं दार बंद. उरलेल्या 20 जागा शहरी-ग्रामीण सगळ्यांना गुणांवर खुल्या, त्यांत त्याला शहरातल्या पोरांशी झुंजावं लागलं. नंबर लागला नाही. गावातच राहिला असता तर लागला असता, असंही मी म्हणणार नाही. पण म्हैस तरी गोठ्यात राहिली असती. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसऱ्यांदा कोणत्याही कारणाने बसू देत नाहीत. दुबार पेरणीची सोय नाही.

माझा राग त्या क्लासवाल्यावर आहेच. पण नियम माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, मराठीत समजावून सांगणारे मुख्याध्यापक गावातच असतात, आणि तरी आपण म्हैस विकल्यावर विचारायला येतो.

आता उगवण तपासायची कशी? "वर्गात पहिला आहे" हे माप मोडीत काढा. 14 पोरांच्या वर्गात पहिला येणं आणि ही परीक्षा काढणं वेगळं. दोन तासांत 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 20 गणिताचे, 20 भाषेचे (चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न) आणि तब्बल 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे. म्हणजे निम्मे गुण नुसत्या आकृत्यांचे आहेत. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा, असलं सगळं. शाळेच्या पुस्तकात हे फारसं येत नाही, म्हणून पहिल्या नंबरचं पोरगंही इथे गांगरतं. पण हा भाग सरावाने सुधारतो, आणि सरावाला क्लास लागतोच असं नाही. वर्तमानपत्राचा तुकडा दोनदा दुमडा, कात्रीने भोक पाडा आणि उघडण्याआधी पोराला विचारा, भोकं किती आणि कुठे? हा प्रश्न परीक्षेत असतो. संध्याकाळी धार काढून झाल्यावर दहा मिनिटं पुरतात.

मग जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. चार रविवार, चार प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ आणि गोल काळे करायचा कागद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा नको. पहिल्या रविवारी 35 बरोबर आले म्हणून पोराला रागावू नका, ते फक्त लिहून ठेवा. चौथ्या रविवारी 50 झाले तर बियाण्यात जीव आहे, मशागत करा. चारही वेळा 35 वरच अडकलं तर अर्ज जरूर भरा, अर्जाला पैसे पडत नाहीत, पण त्याच्यावर कर्ज काढू नका. किती गुणांना नंबर लागतो हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, त्या वर्षी बसलेल्या मुलांवर ते ठरतं. एखादा ठाम आकडा सांगून फी मागत असेल, तर अमुक तारखेला पाऊस येणार म्हणणाऱ्यावर ठेवता तेवढाच विश्वास त्याच्यावर ठेवा.

सैनिक शाळेचंही बरेच जण विचारतात. साताऱ्याची 1961 ची, देशातली पहिली. चंद्रपूरची 2019 ची. तिथल्या सहावीच्या परीक्षेत 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताचे, वर वैद्यकीय तपासणी, आणि वर्षाची फी लाखाच्या पुढे. गणितात तरबेज आणि अंगाने धडधाकट पोरगं असेल, फी झेपत असेल, तरच तिकडे बघा.

एक गोष्ट मात्र प्रश्नपत्रिकेत कळत नाही. दहा-अकरा वर्षांचं लेकरू घर सोडून राहील का? नवोदयमध्ये नववीला काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या विद्यालयात पाठवतात. मामाच्या गावाला आठ दिवस एकटं राहिलेलं नाही अशा पोराचा नंबर लागला आणि दिवाळीला घरी आलेलं ते परत गेलंच नाही, असं मी पाहिलं आहे. त्या जागेवर प्रतीक्षा यादीतलं दुसरं कुणीतरी गेलं असतं. तेव्हा त्यालाही विचारा.

त्या शेतकऱ्याची धाकटी मुलगी यंदा तिसरीत गेली. परवा त्याच्या बांधावर भेट झाली. तालुक्याच्या क्लासची गाडी पुन्हा गावात येऊन गेली म्हणे, या वेळी सवलत देतो म्हणाले. त्याने मुलीचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेतच ठेवलं आहे. माझ्याकडे त्याने दोनच गोष्टी मागितल्या, जुन्या प्रश्नपत्रिका आणि तुरीचं बियाणं.