टिळकांची दुसरी उडी

रेव्हरंड टिळकांचे नाव निघाले की ख्रिस्ती घरांतून १८९५ सालची गोष्ट निघते. करजगावचे चित्पावन ब्राह्मण नारायण वामन टिळक १० फेब्रुवारीला मुंबईत बाप्तिस्मा घेतात, घरादारात आकांत होतो, जातगोत तुटते आणि पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांच्या आसऱ्याला राहतात. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकतच आम्ही वाढलो. मला मात्र अलीकडे वारंवार आठवते ती १९१७ सालची गोष्ट. व्यासपीठावरून ती फारशी सांगितली जात नाही.

बाप्तिस्म्याला तेव्हा बावीस वर्षे होऊन गेली होती आणि टिळक पंचावन्नच्या घरात होते. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना मान होता. सेमिनरीत शिकवून झाले होते, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन हाती होते, आणि गावोगावच्या मंडळ्या रविवारी त्यांचीच गीते गात होत्या. महिन्याला वेतन येत होते. माणसाने आता जरा टेकावे, नातवंडांची वाट पाहावी, असे ते वय. त्या वयात त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूला गुरू मानणारा कोणीही त्यात येऊ शकत होता, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. मिशनच्या पगारावर जगणाऱ्याच्या तोंडून ख्रिस्त ऐकताना लोकांच्या मनात आडपडदा राहतो, ही सल त्यांना बरीच वर्षे टोचत होती. तो आडपडदा काढायचा तर आधी पगार सोडायला हवा, हे त्यांनी स्वतःपुरते ठरवून टाकले.

पहिली उडी मोठीच होती, पण ती घेताना मनात नवा विस्तव असतो आणि आत्मा स्वस्थ बसू देत नाही. दुसरी उडी घ्या असे टिळकांना कोणीच म्हणत नव्हते. ते नगरलाच राहिले असते तर एकानेही बोट दाखवले नसते. उलट आयुष्यभर सेवा केली म्हणून सत्कारच झाला असता. श्रद्धेच्या पोटातच एक सुखवस्तू कोपरा तयार होतो आणि तो सोडणे घरदार सोडण्याहून अवघड असते. म्हणून मला १८९५ पेक्षा १९१७ मोठे वाटते.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले, म्हणजे संन्यासाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्यामागे दरबाराने मूळ धरले नाही. खतावणी मांडायचीच तर खाते तोट्यात दिसेल. पण तोट्यात जाऊ शकणार नाही अशा गोष्टीला धाडस म्हणतच नाहीत.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. टिळकांच्या प्रत्येक उडीचा हिशोब घरात लक्ष्मीबाईंनी भागवला. पैसा हातात आला की टिळक कोणा गरजूला देऊन मोकळे होत, आणि चूल पेटवायची चिंता बाईंची असे. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते ते त्यांच्या सांगण्याच्या ढंगामुळे. त्यामागची ओढगस्त हसण्यासारखी नव्हती. घरच्यांना न विचारता त्यांच्या जिवावर घेतलेले धाडस मला अर्धेच धाडस वाटते. लक्ष्मीबाईंचे धाडस पूर्ण होते, कारण ते त्यांनी स्वतःच्या पायांनी केले. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे त्यांनी सोवळे सोडले नाही. त्याच्याकडे परतल्यावरही पाणी वेगळे, चूल वेगळी. कोणी वाद घालून त्यांना जिंकले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांच्या मनाशी पक्के झाले तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या हातचे खाल्ले-प्यायले आणि १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा घेतला. शाळेत धड न गेलेल्या या बाईने पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरे केले. आमच्या धाडसी माणसांच्या यादीत त्यांचे नाव नवऱ्याच्या खाली लिहितात, ते मला मान्य नाही.

हे सारे आज लिहायला कारण आमच्या मंडळ्या. नगरकडच्या बहुतेक गावांत मिशनने मागे ठेवलेले काही ना काही आहे: जुना बंगला, शाळेच्या खोल्या, कंपाउंड, विहीर, चिंचेची झाडे. ते सांभाळण्यातच आमची शक्ती संपते. पंचांच्या बैठकीला बसून पाहा. पत्रे बदलायचे, साउंड सिस्टिम घ्यायची, ठेवीचे नूतनीकरण करायचे, कोर्टातल्या तारखेला कोणी जायचे. सगळी कामे गरजेची आहेत आणि ती करणारी माणसे प्रामाणिक आहेत, हे मी जवळून पाहते. पण येशूच्या दाखल्यातला रुपये पुरून ठेवणारा चाकरही अप्रामाणिक नव्हता. त्याने पै न पै परत केली. त्याला फक्त भीती वाटत होती.

आजची भीती मात्र खरी आहे, हेही मान्य केले पाहिजे. कंपाउंडचे फाटक बाहेरच्या मुलांना उघडले की दुसऱ्या दिवशी धर्मांतराचा आळ येऊ शकतो. तक्रार होईल, चौकशी होईल, एखाद्या पाळकसाहेबांना पोलीस ठाण्यात बसावे लागेल. म्हणूनच फाटक बंद ठेवणे शहाणपणाचे वाटते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी उभे राहिले, तेव्हा गप्प बसणेच शहाणपणाचे होते. फादरांना धमक्या आल्या. तरी ते जमीन, झाडे आणि पाण्याबद्दल बोलत राहिले, आणि ते पाणी केवळ ख्रिस्ती वाड्यांचे नव्हते.

तेव्हा एक नेमके काम सुचवते. दरवर्षी बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागातल्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जातात आणि मागे कोपीत तान्ह्या भावंडाला सांभाळत आठ-दहा वर्षांची पोर बसते. तिची गावाकडची शाळा हंगामभर सुटते. आमच्या कंपाउंडमधल्या दोन खोल्या वर्षानुवर्षे कुलपात आहेत. त्या उघडा. दिवसभर मुले बसू देत, एक शिक्षिका ठेवा, दुपारी खिचडी करा. भिंतीवर वचन लिहू नका, प्रार्थना म्हणायला लावू नका, पत्रके वाटू नका. काम सुरू करण्याआधी सरपंचांना आणि झेडपीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवा, ज्याला पाहायचे त्याला येऊन पाहू द्या. एवढे करूनही आळ आला तर तो सोसायची तयारी ठेवा, आणि ठेव मोडावी लागली तर मोडा. मात्र घरी बायकोला, नवऱ्याला, लेकरांना विचारून, सगळ्यांनी मिळून.

कारखाने दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. पंचांनी त्याआधी बैठक बोलवावी आणि खोल्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, ते विचारावे.