मुदतीचा करार

कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा त्या यंत्रावर जर्मनीतही कोणाचा फारसा विश्वास नव्हता. १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था यांनी पतीस न कळविता, दोन मुलांना घेऊन, त्याच गाडीतून सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास केला व वाटेत इंधन औषधांच्या दुकानातून विकत घेतले. मग लोकांचे डोळे उघडले. पुढे १९२६ मध्ये डाइमलर व बेंझ या कंपन्या एक झाल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कारखान्यांत हजारो माणसांना वेठीस धरून राबविले गेले, हेही या वैभवशाली इतिहासाचेच एक पान आहे.

आम्हां वऱ्हाडकरांस या कंपनीची ओळख झाली ती मात्र आलिशान मोटारीने नव्हे, तर मालमोटारीने. तीन टोकांचा तो तारा आम्ही लहानपणी जुन्या मालमोटारींच्या तोंडावर पाहिला आहे. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी सहकार्याचा करार केला, आणि त्याची मुदत होती पंधरा वर्षे. टेल्कोने ती वर्षे वाया घालविली नाहीत. १९६६ मध्येच पुण्यास संशोधन केंद्र उभे राहिले. १९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला, आणि मालमोटारी तशाच धावत राहिल्या! १९९५ मध्ये मर्सिडीज मोटारी भारतात जोडल्या जाऊ लागल्या, त्या टेल्कोच्याच पुण्याच्या आवारात. चाकणला कंपनीचा स्वतःचा कारखाना झाला तो २००९ मध्ये.

आता आमच्या जिल्ह्याचा करार पाहावा. कापूस वाहून नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा मार्ग बांधला. स्वातंत्र्य आले, तरी शकुंतलेचा करार सरला नाही. गाडी चालवावयाची सरकारने, आणि मोबदला घ्यावयाचा कंपनीने! १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावरच रखडत राहिली. त्या रुळांनी आमचा कापूस नेला. येथे ना कारखाना उभा राहिला, ना कारागीर. आज गाडीही बंद आहे, आणि आमची आयटीआय झालेली मुले काम शोधीत चाकणची वाट धरतात.

यापुढे जिल्ह्यात जो कोणी उद्योग आणील, मग तो देशी असो वा परदेशी, त्याच्या भूमिपूजनास जाण्यापूर्वी आमच्या लोकप्रतिनिधींनी करारातील दोन कलमे जाहीर सभेत वाचून दाखवावीत : मुदत किती, आणि त्या मुदतीत आमच्या मुलांना काय शिकविणार.