छपरावरील वीज आणि गांवचा नियम

सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत केंद्र सरकारनें ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर वीज तयार व्हावी, हा तिचा संकल्प होय. पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, मिळून अधिकांत अधिक ७८,००० रुपयांचें साहाय्य तींत ठरविण्यांत आलें. त्याच महिन्यांत वीजग्राहकांच्या हक्कांविषयींच्या नियमांत दुरुस्ती होऊन, १० किलोवॉटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीवांचूनच मान्य समजावा असेंही ठरलें. येणेंप्रमाणें दिल्लीचा दरवाजा उघडला. परंतु चावडीचा दरवाजा अजून अर्धा लोटलेलाच आहे, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम ५२ अन्वयें गांवाच्या हद्दींत इमारत बांधण्यापूर्वीं पंचायतीची परवानगी लागते. हें योग्यच आहे. परंतु जुन्या घराच्या छपरावर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर सोलर पॅनेल बसविणें हें ‘इमारत बांधणें’ होतें काय? या प्रश्नाचें उत्तर गांवोगांव निराळें मिळतें. एके ठिकाणीं कांहींच लागत नाहीं म्हणतात. दुसऱ्या ठिकाणीं दाखला, ठराव व चारी शेजाऱ्यांच्या संमतिपत्रांची मागणी होते. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. लिहिलेला नियम कडक असला तरी रयतेस सोसवतो. न लिहिलेला नियम मात्र कारकुनाच्या मर्जीप्रमाणें सैल होतो व ताणला जातो, हें आम्हीं तेथें प्रत्यक्ष पाहिलें आहे. ज्याची ओळख आहे त्याचें काम होतें, आणि ज्याची नाहीं तो हेलपाटे घालतो. म्हणून नियम असावा, पण तो लिहिलेला असावा, असें आमचें म्हणणें आहे.

नियम करावयाचा तर विषयाचें माप ठाऊक पाहिजे. एका किलोवॉटास सावलीविरहित सुमारें १०० चौरस फूट जागा लागते, व स्वच्छ उन्हाच्या दिवशीं त्यापासून सुमारें चार युनिट वीज मिळते. पॅनेलचें तोंड दक्षिणेस ठेवावें लागतें. पॅनेलें एकमेकांस माळेसारखीं जोडलेलीं असल्यामुळें एकावर सावली पडली तरी साऱ्या माळेची वीज घटूं शकते. आतां गांवठाणांतील घरें पाहावीं. भिंतीला भिंत लागलेली, आणि दक्षिणेकडील शेजाऱ्यानें मजला चढविला कीं उत्तरेकडील घर झांकलें गेलें! डिसेंबरच्या उत्तरार्धांत आपल्याकडे भर दुपारीं दहा फूट उंच भिंतीची सावली नऊ फुटांहून थोडी अधिक लांब पडते. सकाळ-संध्याकाळीं ती याहून पुष्कळ लांबते. कर्ज काढून पॅनेल बसविणाराची वीज जाते आणि हप्ते मात्र राहतात.

याला कायद्याचा आधार तोकडा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याप्रमाणें इमारतीस मिळणाऱ्या उजेडाचा व हवेचा हक्क वीस वर्षांच्या अखंड उपभोगानें उत्पन्न होतो. पॅनेलचें आयुष्यच सुमारें पंचवीस वर्षांचें. वीस वर्षें वाट पाहून हक्क मागणाराच्या हातीं काय उरणार? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतानें १९७८ सालीं कायदा करून, शेजाऱ्यानें मागाहून लावलेल्या झाडाची सावली सकाळीं १० ते दुपारीं २ या वेळांत पॅनेलच्या दहांशाहून अधिक भागावर पडूं नये, असें ठरविलें. तथापि तो नियम जशाचा तसा उचलावा असें आम्हीं म्हणत नाहीं. मुलांचीं लग्नें झालीं, घर पुरेना, म्हणून एक खोली चढविणाऱ्या गरिबाचा हक्क आम्हीं पॅनेलवाल्याच्या हक्काहून मोठाच मानतों. परंतु बांधणारानें एक महिना अगोदर लेखी सूचना द्यावी, म्हणजे शेजारी आपलीं पॅनेलें हलवूं शकेल, एवढें मागणें कोणास जड वाटूं नये.

आमच्या मतें प्रत्येक ग्रामसभेनें पुढील आशयाचा ठराव करावा. पहिली गोष्ट, राहत्या घराच्या छपरावरील १० किलोवॉटपर्यंतच्या संचास परवानगी नको, केवळ लेखी वर्दी पुरे. पंचायतीनें तिची पोंच द्यावी व नोंद ठेवावी. दुसरी, सांगाडा आपल्या भिंतीबाहेर रस्त्यावर अगर शेजाऱ्याच्या अंगणावर येऊं नये, व तो वाऱ्यास टिकेल असा बांधल्याचा दाखला बसविणारानें द्यावा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें रायगड जिल्ह्यांत घरांचीं छपरें कशीं उडविलीं हें ज्यांनीं पाहिलें, त्यांस या अटीचें कारण सांगावयास नको. तिसरी, गोबरगॅसचा खड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा. आणि कोणी लहान पवनचक्की उभारील तर ती शेजाऱ्याच्या हद्दीपासून स्वतःच्या उंचीइतकी तरी दूर असावी, म्हणजे पडलीच तर आपल्याच जागेंत पडेल. चौथी, मळ्यांत अगर वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्यास केवळ गांवठाणाबाहेर राहतो म्हणून परत पाठवूं नये. घरपट्टीची पावती हाच त्याच्या घराचा पुरावा समजावा.

एक अडचण मात्र ठरावानें सुटणारी नाहीं. अनेक घरें अजून आजोबांच्या नांवावर आहेत. २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांची ड्रोननें मोजणी होऊन मालमत्तापत्रकें मिळूं लागलीं. ज्यांचें पत्रक झालें असेल त्यांनीं त्यावरील नांवें आतांच तपासावीं आणि भाऊबंदांची संमति कागदावर घ्यावी. अनुदानाच्या वेळीं भांडण काढण्यापेक्षां हें सोपें आहे.

सरकारनेंही कलम ५२ मधील ‘इमारत’ या शब्दांत छपरावरील लहान संच येत नाहीं, असें एका परिपत्रकानें स्पष्ट करावें. तें निघेपर्यंत आमच्या सभासदांनीं हातावर हात ठेवून बसूं नये. येत्या ग्रामसभेपूर्वीं आपल्या सदस्यास भेटून हा विषय पत्रिकेवर घ्यावयास लावावा, आणि ठराव झाल्यावर त्याची सहीशिक्क्याची नक्कल मागून घेण्यास विसरूं नये.