मेरिट नावाची देवी

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या शेडमध्ये लेथ आणि पॉवर प्रेस धुऊनपुसून हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, कोहळा फोडतात. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. पण प्रेसखाली कंत्राटी कामगाराचं बोट गेलं, तर भरपाईसाठी त्यालाच खेटे घालावे लागतात. यंत्र देव होतं, माणूस 'मॅनपॉवर' होतो. इथेच नोकरी करतो, म्हणून सांगतो: माझा राग हारांवर नाही, या अदलाबदलीवर आहे.

निसर्गाला आणि कल्पनांना माणसाचं रूप सगळ्याच समाजांनी दिलं. रोमनांचा न्याय म्हणजे तराजू धरलेली स्त्री. १८९८ मध्ये बंगळुरूत प्लेग आला आणि प्लेगअम्मा पुजली गेली. आपल्याकडे पटकीची मरीआई झाली. एका रोगाचं तर नावच 'देवी'. पण आपल्याकडे जातीने देवीला वेठबिगारही नेमून दिले. मरीआईचा गाडा शिवेबाहेर न्यायचा महार-मांगांनी. देवीचा कोप म्हटलं, की पाणवठा कोणी बंद केला हा प्रश्नच उरत नाही.

सावित्रीबाईंनी कोप शांत करत बसण्यापेक्षा प्लेगचे रुग्ण दवाखान्यात पोचवले आणि त्यातच १८९७ साली जीव गमावला. देवीचा रोग नवसाने नाही, लशीने संपला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्यातल्या अनेकांनी मरीआई सोडली. पदवी घेतल्यावर मात्र नव्या देव्यांपुढे आपण मान तुकवतो. 'मार्केट डाउन आहे.' 'मेरिट तडजोड करत नाही.' 'कंपनीचं कल्चर तुम्हाला स्वीकारणार नाही.' अरे, मार्केट पगार कापत नाही, सही करणारा माणूस कापतो. मेरिट मुलाखत घेत नाही. आडनाव ऐकून 'मूळ गाव कुठलं?' विचारणारा माणूस घेतो.

घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, शाळेत शिकलेलं व्याकरण इथे वापरा. वाक्यातला कर्ता शोधा. निकष कोणी ठरवले? पॅनेलवर कोण होतं? नकाराचं कारण लेखी मागा. एकट्याने जमत नसेल तर चौघांनी मिळून मागा. माणसाला नाव असतं, पद असतं, म्हणून त्याला जाब विचारता येतो. देवीला फक्त नवस बोलता येतो.

जय भीम!