मधुचंद्र आणि हिशेबाची वही

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघतात. आमच्या भाच्याचा मार्गशीर्षातला निघाला आहे. परवा तो पंचवटीतल्या आमच्या घरी आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"मामा, काश्मीर की केरळ?"

"खिशात किती?"

त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी म्हटले, "एवढ्यात काश्मीरला पोहोचाल खरे; पण परत कसे येणार?"

"हप्त्यानं कर्ज मिळतं की!"

वाचकहो, येथे मला माझा मधुचंद्र आठवला. नव्या नोकरीतली तुटपुंजी शिल्लक घेऊन, केवळ चार लोक जातात म्हणून, आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. वेण्णा तलावावर नावेचा दर विचारून मी मागे फिरलो आणि 'मला पाण्याची भीती वाटते' असे पत्नीला सांगितले. रोज गोदावरीत डुंबणाऱ्या माणसाने! चौथ्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "तुम्ही माझ्याशी कमी आणि त्या हिशेबाच्या वहीशी जास्त बोललात." ते वाक्य अजून मिटलेले नाही.

तेव्हा मी भाच्याला म्हटले, "जिथं पैसे मोजावे लागणार नाहीत, असं ठिकाण निवड. माथेरान घे. नाशिकरोडहून गाडीनं कल्याण, तिथून कर्जत लोकलनं नेरळ. १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी पावसाळ्यात नेरळहून सुटत नाही. तेव्हा ती सुरू आहे ना, ते आधी विचार. नाहीतर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी आहेच. त्यापुढं मोटारींना बंदी! म्हणजे स्थळदर्शनाच्या मोटारीचं भाडं वाचलं. सगळे पॉइंट पायी बघायचे. मात्र शनिवार-रविवार टाळ. तेव्हा खोल्यांचे दर गगनाला भिडतात.

"नाहीतर घोटीवरून भंडारदरा. एस.टी.नं जाता येतं. प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, पलीकडे रतनवाडीचं जुनं अमृतेश्वराचं देऊळ, जवळच १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर. पाण्याकाठी बसायला कुणी पैसे मागत नाही."

भाचा वळू लागला होता. इतक्यात चहाचे कप घेऊन सौ. बाहेर आली.

"अरे, तिला विचारलंस का?"

"कुणाला?"

"कुणाला काय? जिच्याबरोबर जाणार आहेस तिला!"

खोलीत शांतता पसरली. त्याने मित्रांना विचारले होते, ट्रॅव्हल कंपनीला विचारले होते, मामाला विचारले होते. आणि अर्धा तास भाषण देणाऱ्या मामालाही हा प्रश्न सुचला नव्हता. वीस वर्षांपूर्वी सुचला नव्हता, तसाच.

काल भाच्याचा फोन आला. मुलगी सिन्नरची. ती म्हणाली, "कर्ज नको. पण मी अजून समुद्र पाहिलेला नाही."

आता ते अलिबागला जाणार आहेत. तिथे ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते, नावेचे भाडे लागत नाही. फक्त भरतीची वेळ विचारून निघावे. माझे माथेरान आणि भंडारदरा दुसऱ्या कुणा भाच्याच्या उपयोगी पडो.

फोन ठेवल्यावर मी सौ.ला विचारले, "तुला तेव्हा कुठं जायचं होतं गं?"

ती हसली. म्हणाली, "नावेत."